चार तासांची दुकानदारी

लेका,

कायमचा तुझ्याकडे यायला निघालो आणि वाटेतच बस बिघडली. दुसरी चार तासांनी होती. या शहरात ओळखीचं कुणी नाही, म्हणून पाय मोकळे करायला निघालो. एका सलूनमध्ये पाच गिऱ्हाइकं ताटकळत बसली होती आणि दुकानदाराच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. मला राहवेना. म्हटलं, "चाळीस वर्षं हेच केलंय. लावू का हात?"

"लावा की काका, देवासारखे आलात!"

माझी कात्री पिशवीत होती. तुला न सांगता घेतली होती.

तुझी आई गेल्यापासून हात थरथरतो, म्हणून तू मला दुकान बंद करायला लावलंस. आजही पहिल्या गिऱ्हाइकामागे उभा राहिलो तेव्हा थरथरत होता. पण बटा खाली पडायला लागल्या आणि कधी थांबला, कळलंच नाही. पाचही जण खूश होऊन गेले.

मी येतोय, पण नुसता बसून राहणार नाही. तुमच्या गल्लीत सलून असेलच.

हे पत्र टाकत नाही, त्याच्याआधी मीच पोहोचेन. आल्या आल्या तुला खुर्चीत बसवतो. लग्नातल्या फोटोत तुझे कल्ले वरखाली आहेत, इतकी वर्षं बोललो नाही.

तुझा बाप