सोडली की काढलं

अण्णा, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, कारण मी घाबरलोय. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी भाज्या चिरायचो. आधी तिथली कॉम्प्युटरवाली मुलं कमी झाली, मग त्यांना जेवू घालणारे आम्ही. मॅनेजरबाईंनी मला मिठी मारली, गेटचं कार्ड परत घेतलं, आणि मी एप्रन न काढताच बसस्टॉपवर येऊन उभा राहिलो.

इथे कामावरून कमी केलं की सरकार काही आठवडे थोडे पैसे देतं. मुलगा म्हणाला, "बाबा, भीक नाहीये ती, इन्शुरन्स आहे. अप्लाय करा." मला वाटायचं, हात पसरला तर ग्रीन कार्डच काढून घेतील. पण ते पैसे मिळाले नाहीत तर आम्हा नवरा-बायकोची भाड्याची जागा सोडून मुलाच्या हॉलमध्ये झोपावं लागणार. सून चांगली आहे, तरीही. या वयात चहा टाकायच्या आधी कुणाला विचारायचं, याची मला धास्ती वाटते.

मुलाची मीटिंग होती म्हणून मी एकटाच लायब्ररीत गेलो. तिथली बाई माझ्यासाठी अर्ज भरून देत होती. शेजारच्या टेबलावर इथल्या मराठी मंडळातले रिटायर्ड डॉक्टर पेपर वाचत बसलेले. बाईने मोठ्याने विचारलं, काम कसं सुटलं? डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आय लेफ्ट." तिने तसंच टाईप केलं. पुढे टपालाने कळलं की स्वतःहून काम सोडणाऱ्याला हे पैसे मिळत नाहीत, आता फोनवर चौकशी होईल. मुलाने कपाळाला हात लावला. "काय यार बाबा! लेड ऑफ म्हणायचं होतं ना, सिंपल!"

त्याला सिंपल. अण्णा, कापसाच्या जिनिंगमधून तुम्ही भरदुपारी घरी आलात तो दिवस मला आठवतो. आई चुलीपाशी बसलीय, तव्यावर भाकरी आहे, आणि दारातून शेजारच्या काकू विचारतायत, "आज लवकर सुट्टी?" मी आपला बोलून गेलो, "अण्णांना मालकाने काढलं." तुम्ही काकूंकडे बघून हसलात, म्हणालात, "पटत नव्हतं, सोडली." त्या गेल्यावर माझा कान धरलात. "काढतात ते कुत्र्याला. माणूस सोडतो. लक्षात ठेव." सातवीपर्यंत शिकलेलं सगळं विसरलो, हे नाही विसरलो.

मागच्या आठवड्यात तो फोन आला. मी इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, अगदी दाढी करतानासुद्धा म्हणत होतो. पण सरकारी ऑफिसने मराठी बोलणारी एक मुलगी दुभाषी म्हणून मधे घेतलेली. गोड आवाज, बहुतेक पुण्याकडची. "काका, मॅडम विचारतायत, नोकरी तुम्ही सोडलीत की त्यांनी तुम्हाला काढलं?" परक्या भाषेत सांगायला मला काही वाटलं नसतं. आपल्या भाषेत, आपल्या घरातल्यासारख्या मुलीला ते सांगायचं म्हटल्यावर मी फोन या कानावरून त्या कानावर नेला. ती पुन्हा म्हणते, "काका, आहात ना लाईनवर?"

तुमची सून शेजारी उभी होती. "तोंडात मिठाची गुळणी धरलीत का? बोला की! की नेऊ माझी भांडी मुलाच्या घरी?"

"काढलं," मी म्हणालो. "मला काढलं त्यांनी. आधी खोटं सांगितलं, लाजेने."

त्या मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या मानाने फारच पटकन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, निर्णय टपालाने कळवू. तेव्हापासून पोस्टाची गाडी आली की मी खिडकीत जातो, पण खाली उतरत नाही. हिलाच पाठवतो. पैसे नाकारतील याची भीती आहेच, वर खोटं सांगितलं म्हणून काही कारवाई करतील याचीही. मुलगा म्हणतो, असं काही होत नाही. त्याला काय ठाऊक.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. अण्णा, तुम्ही आज असतात आणि मी तुम्हाला खरंच पत्र पाठवणार असतो, तर त्यात लिहिलं असतं की नोकरी मीच सोडली.