काळी चारची दोन वर्षे

मी, राजूबाई भ्र. कै. राघोबा बिरादार, वय सदुसष्ट, राहणार हुलसूर, जिल्हा बिदर, धंदा गाणे व शेती, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाविना, माझ्या माघारी घरात भांडण नको म्हणून हे लिहून ठेवते. धंद्याच्या जागी वकील किरणकुमार यांनी 'घरकाम' टाकले होते. ते मी कच्च्या मसुद्यातच बदलायला लावले. ते म्हणाले, "अक्का, कोर्टात इचारतील, कुठं गात होताव म्हणून." मी म्हटले, "घरात गात होते म्हणावं. कोर्टाचं काय जायलंय?"

कलम १. राहते घर आणि ओढ्याकाठचे दोन एकर मुलगा तानाजी याला मालकी हक्काने द्यावेत. तानाजी गुणाचा आहे. फक्त घरात कोणी गायला लागले की त्याला नेमकी पाण्याची मोटार चालू करायची आठवण होते.

कलम २. माझी बोरमाळ जाऊ मंगल हिला द्यावी. सेहेचाळिसाव्या वर्षी मी बसवकल्याणला गाणे शिकायला निघाले, तेव्हा स्टँडवर चारचौघांत ती म्हणाली, "वरातीमागून घोडं निघालंय बगा!" माळ घालताना दर वेळी तिला हे आठवावे, एवढीच माझी इच्छा. मी काही मोठ्या मनाची नाही.

कलम ३. गुरुबसव मास्तरांना माझा नमस्कार, आणि एक रुसवा.

त्याचा खुलासा करते. लग्नाच्या हळदीत मी गायले की गल्ली गोळा व्हायची. पण मला शास्त्राप्रमाणे शिकायचे होते. दर सोमवारी आणि गुरुवारी बसने जायचे, दहा वर्षांच्या पोरींच्या रांगेत मांडी घालून बसायचे. मास्तर पेटीवर पांढरी एक धरून शिकवायचे. ती त्यांच्या पुरुषी गळ्याची पट्टी, म्हणजे तिथून त्यांचा सा सुरू व्हायचा. माझा आवाज तिथे छातीत जाऊन बसायचा. मास्तर म्हणायचे, "अक्का, आवाज उघडा की!" मला वाटायचे, वय झाले, आता काय उघडणार. गुरूला पट्टी बदला म्हणायचे असते हे मला ठाऊक नव्हते, आणि असते तरी जीभ रेटली नसती. अशी नऊ वर्षे गेली.

मग परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या. त्यांनी विचारले, "तुमची पट्टी कोणती?" मी म्हणाले, "मास्तरांची." त्या हसल्या, त्यांनी पेटीवर बायकी गळ्याला बसणारी, वरची काळी चार दाबली आणि म्हणाल्या, "आता लावा सा." मी लावला. अगं बाई! मोकळा, भरलेला, जिकडे वळवावा तिकडे जाणारा आवाज. पंचावन्न वर्षे मी त्याला ओळखतच नव्हते. परतीच्या बसमध्ये मी तोंडाला पदर लावून रडत आले.

दोन वर्षे काळी चारमध्ये गायले. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, बोलण्यापुरता घोगरा आवाज उरला, गाण्याचा गेला. मास्तर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "अक्का, चूक माझी हाय. मी इचाराय पायजे होतं." आता ते प्रत्येक मुलीला आधी तिची पट्टी विचारतात. तरीही नऊ वर्षे ती नऊ वर्षेच. रुसवा कायम.

कलम ४. माझी पेटी आणि तंबोरा ~~माझ्या पश्चात~~ सून रेणुका, वय एकोणचाळीस, हिला द्यावा. तिने मास्तरांकडे जाऊन शिकावे. पुढची खोली रियाजाला मोकळी ठेवावी. तानाजीने तिथे सोयाबीनची पोती रचू नयेत.

खुलासा. वकील हे कलम मोठ्याने वाचत असताना रेणुका चहा घेऊन आली. तिने ऐकले आणि म्हणाली, "आत्या, म्हंजी तुमी मरायची वाट बगू व्हय मी?" आणि कप ठेवून आत गेली.

तिचे काय चुकले? ती भाकऱ्या थापताना गाते, आणि मी दारात आले की गप्प होते. तिला गप्प करणारी मीच. दहा वर्षे पेटी ट्रंकेत कुलूप लावून ठेवली आहे. सगळ्यांना सांगते, पोरं तोडतील. खोटे आहे. माझा सूर गेला, आणि तिचा ऐकला की जीव जळतो. मला अजून गायचे आहे हो. रोज पहाटे ओठ हलतात, सूर येत नाही. पण त्यापायी तिला अडवायला मी कोण?

म्हणून कलम ४ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. त्या जागी 'उद्यापासून' असे वाचावे. सकाळी आठच्या बसने मी तिला घेऊन जाणार आहे, मास्तरांना तसा फोन केला आहे. वकील म्हणतात, "अक्का, मग ह्ये मृत्युपत्रात बसत न्हाई." नाही बसले तर नाही बसले.

खोडलेले शब्द दोन. खाडाखोड मला मान्य आहे.

सही: राजूबाई राघोबा बिरादार

साक्षीदार:
१. बसलिंगप्पा, किराणा दुकान, हुलसूर (सही)
२. शकुबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: हुलसूर
दिनांक: १५ जून २०२५, रविवार