माथ्यावरची चौथी खुर्ची

प्रिय पत्नीस,

तू गेल्यानंतरचे हे पहिलेच पत्र, सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघ्यांची काळजी नसावी. तू दरवर्षी एकटी चढत होतीस तो डोंगर काल मी चढलो.

माथ्यावर झुडपांमध्ये आपल्या जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची उभी होती. पाठीवर मुलीने कर्कटकाने कोरलेले फूल होते, म्हणून शंकेला जागा उरली नाही. ती दुरुस्तीला दिल्याचे तू सांगितले होतेस आणि मी सहा वर्षे सुताराला नावे ठेवीत होतो.

सोबतचा वनरक्षक म्हणाला, "बाईंनीच आणवली, साहेब. मी म्हटलं, जंगलात खुर्ची कशाला? तर म्हणाल्या, वर धड बसायला जागा नाही म्हणून आमचे हे येत नाहीत. एकदा आले की बघा, उतरायचं नाव घेणार नाहीत."

जागेची सबब खोटी होती. मला यायचेच नव्हते, इतकेच. तू ती खरी मानलीस, याचे फार वाईट वाटते.

मी अंधार पडेपर्यंत बसलो. खुर्ची डुगडुगत नाही. एका पायाखाली तू चपटा दगड सरकवला आहेस. ती तिथेच राहू दिली आहे.

आज सकाळी पायथ्याशी उतरलो होतो त्या विश्रामगृहाच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ल्या वनरक्षकाकडे परत दिल्या.

उशिरा आलेला,
तुझा पती