पिवळं पाणी

माय, तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. सोळा दिवसाची पोर माझी, दूध ओढत न्हाई, डोळे पिवळे झालेत. अन् मी तीन दिवस तिचे हात धुऊन राह्यले, तुझ्यावानी. आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचं. सासू शेजारणीला सांगते, सुनेच्या हाताला तिच्या मायवानीच गुण हाय.

तुला तो दिवस आठवतो का? मी दुसरीत असंन. तू चुलीपाशी ताट मांडलं व्हतं, बाहेर माणसं लेकरं घेऊन बसलेली. मी उगंच रस चोळून ताटात हात घातले. पाणी पिवळंधम्मक. "माय, मला बी कावीळ झाली का?" तू आधी दाराकडं बघितलं, मंग माझ्या गालात हाणली. "कोणापशी बोललीस तर बघ." संध्याकाळी गुळाचा खडा दिलास. मी खाल्ला अन् गप बसले. तुला कावीळ झाली तव्हा मातर तू ताट मांडलं न्हाई, जालन्याला जाऊन सलाईन लावून घेतलीस. म्हंजे तुला बी माहीत व्हतं. लोकायचे लेकरं तू ताटात हात धुऊनच घरी धाडलेस. त्यातले किती राह्यले, किती गेले, आपण कधी इचारलं न्हाई.

आज सकाळी मी सासूला म्हणलं, "आत्याबाई, तुमचे हात द्या." रस चोळला, धुतले, पाणी पिवळं. वाटलं, आता पटंल. त्या बघत बसल्या अन् म्हणल्या, "मंग मला बी हायच म्हणायची. माझे बी तीन दिवस धू."

"आवो, माझे धुतले तरी असंच व्हतंय."

"मंग तुझे बी धू."

मला तुझा लय राग येतो, माय. पण तू जाऊन सहा वर्सं झाली, पोरीचे हात मी धुतले. पाणी पिवळं झालं की मला बरं वाटायचं, कोणाचं बी होतंय हे माहीत असून.

लेकराचा बाप कारखान्यात कामावर हाय, फोन त्याच्यापशी. मी पोरीला घेऊन जालन्याच्या सरकारी दवाखान्यात निघाले. तुला हे कुठं पाठवू? कागद ताटाखाली ठेवते. ज्याला सापडंल त्यानं माझ्या भावाला फोन लावा, नंबर कॅलेंडरवर लिहेल हाय. दवाखान्यात जल्दी ये म्हणावं. अन् पोरीचं काय बी झालं तरी त्याला सांगा, तुझ्या बहिणीला दुसरीपासून माहीत व्हतं.