अंदाजाचा वाटा

रविवार, संध्याकाळ. राजापेठ.

आज अविनाशने माझं गणितच मोडलं. नवरा वकील, दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. म्हणूनच सकाळी माझ्या क्लासचा सराव पेपर त्याला सोडवायला दिला. मुलांच्या गुणांतून अंदाजाचा वाटा वजा करूनच मी तुकड्या पाडते. चार पर्याय, म्हणून तो वाटा पाव धरते. म्हणजे नुसत्या अंदाजाने त्याला चाळीसपैकी दहाच्या आसपास यायला हवे होते. एकवीस आले. एकवीस!

"उत्तरं चोरून पाहिलीस?"

"काहून पाहू? तुले वळखतो ना मी," तो हसत म्हणाला. "खरं उत्तर लिवताना तू घाबरते. 'बहुधा', 'साधारणपणे' लावते. खोटं बिनधास्त ठोकून देते."

पेपर पुन्हा वाचला. खरंच की! खऱ्या उत्तरांत जागोजागी 'बहुधा'. मग मुलंही वर्षभर मलाच वाचत असतील? कोणाला विषय येतो आणि कोणाला फक्त मी कळते, हे कसं ओळखायचं? तुकड्या उद्या लावणार होते, त्या थांबवल्या. मुलांना आधी नवा पेपर देईन.

दुपारभर त्या नव्या पेपरातल्या खोट्या पर्यायांनाही 'बहुधा' जोडत बसले. चहाच्या वेळी तो अविनाशपुढे ठेवला. नऊ आले. मी खूश! तो मात्र कितीतरी वेळ पानं उलटत राहिला.

"पेपर मस्त झाला," म्हणाला, "पण याच्यात तू कुठं दिसूनच नाई राहिली."