तिसरं तिकीट

गुरु. १६ जाने. नागपूर

बॅग भरून झाली. शाल वरच ठेवली, भोपाळला थंडी जास्त आहे म्हणतात. सुषमासाठी संत्रा बर्फी, मेतकूट, सांडगे.

दुपारी तिच्या मुलाचा, रोहितचा फोन, बंगलोरहून. "मावशी, तू सांगितलंस तर आई ऐकेल. मी सांगून थकलो. एकटी काय करते तिथं?" तिची खोलीसुद्धा तयार करून ठेवली आहे म्हणे. मी हो म्हटलं. खरं तर असली कामं मला जमत नाहीत. पस्तीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. आपण रिपोर्ट लिहायचा, समजावून सांगणं डॉक्टरचं.

सु. आणि मी हॉस्टेलपासूनच्या. भोपाळला एकदाच गेले, तिचे दिलीपराव गेले तेव्हा. चौदा महिने झाले. तेव्हा दवाखाना, घर, घाट. शहर पाहिलंच नाही. सु. फोनवर म्हणाली, "मी तरी कुठं पाहिलंय? आधी पिपलानीचं क्वार्टर, मग हा शाहपुऱ्याचा फ्लॅट. आता दोघी बघू. खाऊ, फिरू."

शुक्र. १७. भोपाळ

सु. स्टेशनवर आली होती. वाटलं होतं, खंगली असेल. उलट चेहरा भरलाय. नीट इस्त्रीची साडी, पावडर. बरं वाटलं आणि थोडं विचित्रही. का ते सांगता येत नाही.

मराठी पार भोपाळी झालंय तिचं. "सामान इधर ठेव, थोडी सरकून बस." रिक्षात मी हसत होते.

हॉलमध्ये दि.रावांचा फोटो. हार नाही. विचारलं तर म्हणाली, "हार कशाला."

संध्याकाळी तळ्याकाठी एक चक्कर. बंगलोरचा विषय काढला. "बघू." लगेच उद्या-परवाची यादी वाचून दाखवली. पोहे-जिलबी, आदिवासी म्युझियम, चौकातला नमकवाला चहा. रविवारी टेकडीवरचं दुसरं म्युझियम, तिथं वेगवेगळ्या जमातींची घरं जशीच्या तशी बांधून ठेवलीत. यातल्या एकाही ठिकाणी ती गेलेली नाही, असं दोनदा म्हणाली. मी एकदाच विचारलं होतं.

शनि. १८. सकाळ

पोहे ठेल्यावर. वरून शेव, जिरावन मसाला, बाजूला गरम जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर तर्री लागते, जिलबी जमेल असं वाटलं नव्हतं. दोन प्लेटी संपवल्या.

ठेलेवाला मिशीवाला, बोलका. सु.ला पाहून म्हणाला, "आज साब धीरे चल रिये हैं?" सु. हसली. मला म्हणाली, "सबको बोलता है."

मग त्याने तिसरी प्लेट पुढे केली. "बिना प्याज की." सु.ने ती घेतली, शेजारच्या कट्ट्यावर ठेवली. निघताना तशीच होती, वाफ गेलेली.

दि.राव कांदा खात नसत. पण कितीतरी लोक खात नाहीत.

शनि. दुपारी ४, म्युझियमच्या कॅन्टीनमध्ये

सु. हात धुवायला गेलीय तोवर लिहिते.

तिकीट खिडकीतल्या बाईने न विचारता तीन तिकिटं काढली. मी म्हटलं, दो. ती आमच्या मागे बघून म्हणाली, "और साब?" मी वळून पाहिलं. शाळेची सहल होती, मुलींची रांग आणि दोन शिक्षिका. पुरुष कोणीच नाही. सु. म्हणाली, "दो ही दीजिए." पण कसं म्हणाली. हळू, शेजारच्याचं मन दुखू नये तसं.

आत सुंदर आहे. मातीचे घोडे, छतापर्यंत गेलेलं लाकडाचं झाड, बांबूचा मोठा डोलारा. उजेड फक्त वस्तूंवर, चालायची वाट अंधारी. सु. एका ठिकाणी म्हणाली, "पायरी आहे, जपून." मला पायरी दिसलीही नव्हती. "तू आली होतीस का इथं?" "नाही गं."

देवांच्या दालनाबाहेर एक गार्ड. सु.ला नमस्कार करून म्हणाला, "साब तो अंदर जाके बैठ गए, मैडम." सु. भराभर आत गेली. मी मागोमाग. आत कोणी नाही. एक बाक. तिने बाकावर तळहात ठेवला, पोळी गार झाली का बघतात तसा. मग आम्ही पुढच्या दालनात गेलो आणि ती मुखवट्यांबद्दल बोलत राहिली.

मी बाथरूमचं निमित्त करून गार्डकडे परत गेले. कौन साब, विचारलं.

"वो लंबे से. भूरा स्वेटर. बाएँ कान में मशीन लगी है ना, ऊँचा सुनते हैं."

कब से आते हैं?

"मैं तो पिछली गर्मी में लगा इधर. तब से हर शनिवार, दोनों साथ में."

दि.राव त्या आधीच्या हिवाळ्यात गेले. हा गार्ड तेव्हा इथं नव्हताच.

शनि. संध्या.

चौकात गेलो नाही. डोकं दुखतंय म्हटलं, सु.ने आल्याचा चहा दिला. ती आत भाजी चिरतेय. मी खोलीत.

जे मला पक्कं माहीत आहे ते लिहून ठेवते. दि.राव गेले तेव्हा मी इथं होते. न्यायच्या आधी त्यांच्या डाव्या कानातलं मशीन मी माझ्या हाताने काढलं आणि सु.ला दिलं. कान गार होता. भुरा स्वेटर नंतर कपाटातून काढला, कामवालीच्या नवऱ्याला दिला. तोही मीच.

सु.चा दुसरा कोणी मित्र असेल? असला तर असो, मला काय. पण मग दुपारी तो होता कुठं? मला का दिसला नाही?

विचारणार आहे. उद्या, उन्हात, मोकळ्यावर.

रवि. १९

टेकडीवर गेलो. खाली मोठा तलाव चकाकत होता. उतारावर दूरदूर पसरलेली घरं, शेणाने सारवलेली, भिंतींवर चित्रं, चुली, उखळं, धान्याच्या कोठ्या. सगळं आहे, राहणारं कोणी नाही. एका घराच्या ओट्यावर बसलो. सु.ने माझ्यापासून थोडं अंतर सोडून बैठक मारली. मधे एक माणूस मावेल एवढं.

मी म्हटलं, "सु., काल गार्डला मी विचारलं."

ती तलावाकडे वळली. मग म्हणाली, "खोटं बोलले तुझ्याशी. दर शनिवारी जाते मी."

"तुला दिसतात ते?"

"नाही गं. तेच तर. मला नाही दिसत."

मग सगळं सांगितलं, थांबत थांबत. मागच्या उन्हाळ्यात घरात जीव घुसमटला म्हणून एकटीच म्युझियमला गेली. गार्डने पाणी आणून दिलं आणि विचारलं, साब को भी दूँ? तिला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. पुढच्या शनिवारी परत गेली. मग पोहेवाला, मग तिकिटाची बाई. ती कुणाला काही सांगत नाही, काही विचारत नाही, फक्त ऐकते. साब आज थके हैं. साब ने आज दाढ़ी नहीं बनाई. एकदा गार्ड म्हणाला, साब बहुत खाँस रहे थे. "घरी येऊन काढा केला मी," सु. म्हणाली. "कुणाला देणार होते? पण केला. ओट्यावर ठेवला."

मी म्हटलं, "अगं, कुणीतरी माणूस असेल. त्यांच्यासारखा दिसणारा. तुझ्या मागे मागे येत असेल, तू सावध राहायला हवंस."

"मग तो माणूस मला का दिसत नाही? काल तुला दिसला?"

दिसला नव्हता.

"रोहित दिवाळीत आला होता. मुद्दाम नेलं त्याला पोहे खायला. तीन प्लेटी लागल्या, त्याला वाटलं ठेलेवाल्याचा हिशेब कच्चा आहे. जे त्याला ओळखायचे ना, त्यांना नाही दिसत. परक्यांनाच दिसतो. तुझी नजर बारीक, तुला तरी दिसेल म्हणून बोलावलं." मग साडीचा पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "नाही दिसला म्हणून तुझ्यावर रागावले नाहीये मी."

म्हणजे थोडी रागावली होती.

मला रोहितचं काम आठवलं. म्हटलं, हे असं कुठवर, बंगलोरला जा, माणसांत राहशील. त्यावर म्हणाली,

"बंगलोरला मला कोण सांगणार, आज त्याने काय घातलंय?"

मी ओट्यावरून उठले, तिला हात दिला.

जेवायला दाल-बाफले, बाटीचाच प्रकार. वाढणाऱ्याने चौकोनी टेबलावर तीन ताटं मांडली. या वेळी सु.ने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिसरं ताट तसंच राहू दिलं. बाफले चांगले होते, तुपात बुडवलेले. मी किती खाल्ले आठवत नाही.

सोम. २०. गाडीत

सु. सोडायला आली. डबा दिला, बाफले बांधून घेतले होते. निरोप घेताना रडली, मीही. ती रोहितला काही सांगू नकोस म्हणाली नाही. तेवढा विश्वास आहे.

रोहितचा मेसेज: काय म्हणाली आई? लिहिलं, वेळ दे. याहून खरं काय लिहू.

शेजारची सीट रिकामी. इटारसीला एक बाई चढली. सीटकडे बघून म्हणाली, "कोई है क्या?" मी नाही म्हटलं. तरी क्षणभर उभी राहिली. मग पलीकडे जाऊन बसली. तिकडं खिडकीही नव्हती.

शनि. २५. नागपूर

आठवडाभर कामं. गॅसचा पाइप बदलला, दातांचा डॉक्टर.

दुपारी सु.चा फोन. आवाज बारीक. आज गेली होती नेहमीसारखी. पोहेवाल्याने एकच प्लेट दिली, कांदा घालून. तिकिटाची बाई म्हणाली, एक? गार्डने नमस्कार केला आणि फोनमध्ये बघत राहिला. सु. दालनाबाहेर तासभर थांबली. शेवटी तिनेच विचारलं, पहिल्यांदा. साब दिखे क्या? गार्ड म्हणाला, "आज तो आप अकेली आईं मैडम. साब की तबीयत ठीक है?"

मी म्हटलं, थंडी आहे, एखादा शनिवार असा जातो. काय बोलत होते मी.

तिने विचारलं, "तिकडे कुणी काही म्हणालं का गं तुला?"

"कशाबद्दल?"

"असंच. तुझ्याबरोबर कुणी आहे, असं."

नाही म्हटलं. खरंच कुणी म्हटलेलं नाही. इथं मला सगळे वीस वर्षांपासून ओळखतात, आणि सु.बरोबर येणाऱ्या दि.रावांनाही ओळखायचे.

रवि. २६

झेंडावंदन करून आले तर रोहितचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. आई तयार झाली. काल संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, येते, आता इथं काय आहे. पुढच्या महिन्याचं तिकीट काढतोय. "मावशी, काय जादू केलीस?"

हेच तर हवं होतं सगळ्यांना. मलाही.

गुरु. ३०

सोमवारपासून सोसायटीत नवा वॉचमन आहे. छिंदवाड्याकडचा, वयस्कर, अदबीचा. मंगळवारी मी दूध घेऊन येताना खुर्चीतून उठला. "बाईजी, वो आपके..." मी हातानेच नंतर म्हटलं आणि जिना चढले. कुरियर असेल. पाण्याच्या टाकीचं काही असेल.

काल पार्किंगच्या मागच्या गेटने गेले. येतानाही तिथूनच. गुडघ्याला तेवढाच व्यायाम.

सु. रोज फोन करते आता. सामान बांधतेय, पातेली कुणाला द्यायची विचारते. शेवटी तोच प्रश्न, तितक्याच हलक्या आवाजात. कुणी काही म्हणालं? मी नाही म्हणते. अजून तरी खोटं बोललेले नाही. मात्र एकदा मी हो म्हटलं की ती बंगलोरचं तिकीट रद्द करेल आणि पहिल्या गाडीने इथं येईल, हे मला माहीत आहे. आणि नाही म्हणत राहिले तर ती जाईल, आणि मग...

सकाळी ठरवलं, हे बरं नाही, सरळ पुढच्या गेटने जायचं आणि काय आहे ते ऐकून घ्यायचं. उतरले. वॉचमन उन्हात बसला होता. मला पाहून उठला, हात जोडून नमस्कार केला. मीही केला. मग त्याने नजर जराशी बाजूला आणि वर केली, आणि आणखी एकदा नमस्कार केला.

मी काही विचारलं नाही. भाजी घेऊन आले.

साडेसातला सु.चा फोन येतो. सात वाजलेत.