करवत्याची बायको

बाबा,

पाचूबंदरला लोक तुम्हांला ‘करवत्या’ म्हणत, तेव्हा तुमची छाती फुगायची. होडीच्या फळ्या पाडून देणारा माणूस, म्हणून पहिला चहा तुम्हांला. शाळेत मला तोच शब्द टोमणा म्हणून ऐकावा लागे. बागायतवाल्यांकडे करवत्या म्हणजे ओटीवर न घेता अंगणातच उभा ठेवायचा गडी. तुम्ही मात्र आयुष्यभर पाचूबंदरचाच अर्थ कुरवाळत बसलात. सोयीचं तेवढंच ऐकायची तुमची सवय जुनी.

तुमचा जोडीदार सॉ मिलमध्ये नोकरीला गेला आणि तुम्ही आईला ओंडक्याखालच्या खड्ड्यात उतरवलंत. वर ओंडक्यावर तुम्ही, खाली ती, मध्ये पुरुषभर करवत. बघणाऱ्याला वाटे, कापताय तुम्ही. पण करवत कापते ती खाली येताना. म्हणजे जोर तिचा आणि भुसाही तिच्याच डोळ्यांत. तुम्ही वरून कापायची रेघ सांभाळायचात, आणि ओठांतली विडी.

त्या दुपारी सागाचा ओंडका चढवलाय. मी भाकरी घेऊन आलेय. आई हात थांबवून म्हणते, "डोला उघडत नाय वो माजा. डाक्टरकडं जाऊन येते."

"पानी मार नि ओढ," तुम्ही वरूनच म्हणता. "होडीवाला येल आता."

ती ओढते. होडीवाला येतो, फळीवरून हात फिरवतो, म्हणतो, "करवत्या, सोन्याचा हात हाय तुजा!" तुम्ही हसता. खाली वाकून बघतही नाही. रात्रीपर्यंत तिचा डोळा सुजून बंद झाला आणि पुढे तो गेलाच. तुम्ही गावभर सांगत सुटलात, बाईमाणसाला खड्ड्यात नीट उभं राहता येत नाही. तेव्हापासून मला तुमची किळस आली. तुम्हांला खांदा द्यायला माणसं जमली, तेव्हाही ती कमी झाली नाही.

इतकी वर्षं करवत ओढूनही आईला कुणी करवत्या म्हटलं नाही. ती मरेपर्यंत करवत्याची बायको.

परवा नातवानं विचारलं, "आजी, पणजोबा काय काम करायचे?"

"विडी ओढायचे," मी म्हटलं. "करवत्या तुझी पणजी होती."

तुमची रेघ मात्र सुतासारखी सरळ असायची. हे मी त्याला सांगितलं नाही, आणि हा कागदही आता बंबात घालणार आहे.